सुरातला दोष

हवेतून दूरदूरच्या लोकांशी बोलायचा जुना हॅम रेडिओ दुरुस्त झाला. झाला नाही. काकू दुकानाच्या दारात उभ्या राहिल्यापासून तो दुरुस्त झालेला नाही, आणि सगळ्यांनी तसंच धरून चालायचं आहे.

“चालला का रे?” काकूंनी विचारलं.

“छे!” रिपेअरवाल्याने गरम सेटवर टॉवेल टाकला. “गेलेली केस आहे.” मग त्याने जीभ चावली. सेट काकांचा. काकांना जाऊन चार महिने झाले होते आणि काकूंनीच तो त्याला विकला होता.

काकूंनी पिशवीतून मोर्सचे ठोके मारायची पितळी चावी काढली. “ही राहिली होती. आणि एक काम होतं. ह्यांचा एक मित्र आहे, समुद्रापलीकडे. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी सातला दोघांची टकटक. भेटले एकदाही नाहीत. हे गेले हे त्याला कुणीतरी सांगायला हवं ना? तुझ्या दुसऱ्या एखाद्या रेडिओवरून सांगशील?”

रिपेअरवाल्याने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

त्याने सेटचे कंडेन्सर बदलले होते, दोन व्हॉल्व्ह बदलले होते. फक्त प्रत्येक ठोक्याला सूर जरासा घसरायचा, तेवढा दोष कंटाळा करून तसाच ठेवला होता. गेल्या सोमवारी सातला त्याने ‘कोणी आहे का’ एवढंच मारलं, तर पलीकडून धबाधबा ठोके: हा घसरता सूर जगात एकाचाच! होतास कुठे चार महिने? रिपेअरवाल्याने स्वतःचं कॉल-साइन, म्हणजे परवान्यावरचं हवेतलं नाव, सोडून काकांचं मारलं आणि कळवलं: आजारी होतो. सेटच्या बाबतीत ते खरंही होतं. पलीकडच्याला आनंदाने ठोकेच जमेनात. तेव्हापासून रोज सात. काल पलीकडच्याने वहिनींच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्यांची चौकशी केली होती.

“काकू, गुडघे कसे आहेत?”

“आहेत जागेवर. तुला कुणी सांगितलं?”

उत्तर सुचायच्या आत सात वाजले. टॉवेलखालून टकटक सुरू झाली.

काकू ऐकत राहिल्या. “मला ह्यातलं एवढंच कळतं,” त्या म्हणाल्या. “ही ह्यांना मारलेली हाक आहे.” मग टॉवेलकडे बघत, “रोज मारतो?”

“रोज.”

“आणि तू?”

रिपेअरवाल्याने खाली बघितलं. खाली बघण्यासारखं काही नव्हतं.

“आज सांग त्याला,” काकू म्हणाल्या आणि चावी टेबलावर ठेवून निघून गेल्या.

त्याने चावी जोडली. ‘आलो’ मारलं. पलीकडचा हसला, ठोक्यांतही हसता येतं. मग त्याने नातीचं बारसं कसं झालं ते सांगायला घेतलं आणि ते पाऊण तास चाललं.

दुसऱ्या दिवशी रिपेअरवाल्याने अर्ज टाकला.

प्रति, मा. परवाना अधिकारी. विषय: मयत परवानाधारकाचे कॉल-साइन दररोज सायंकाळी सात वाजता वापरण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, सदर परवानगी पलीकडील वृद्ध गृहस्थ हयात असेपर्यंत, अथवा अर्जदारास खरे बोलण्याचे धैर्य होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत देण्यात यावी, ही नम्र विनंती. मयताची संमती सोबत जोडावयाची असल्यास ती कोणत्या खिडकीवर मिळेल, हेही कृपया कळवावे.