गेल्या वर्षीइतकेच गुण

लमाँट गिड्रीने कॉम्प्युटरसमोरची खुर्ची पुढे ओढली, तसा शेजारच्या खुर्चीतला टावीटा हळूच म्हणाला, "काय म्हाताऱ्या, यंदा किती शब्द विसरणार?"

"एकही नाही."

टावीटा खुदखुदला. त्याला वाटलं, चेष्टाच चालली आहे.

दर जुलैत, सराव सुरू होण्याआधी, अमेरिकन फुटबॉलच्या या संघातल्या सगळ्यांना ही डोक्याची परीक्षा द्यावी लागते. पडद्यावर शब्द येतात, ते लक्षात ठेवायचे. लाल दिसलं की एक बटण दाबायचं, हिरवं दिसलं की दुसरं. पुढे हंगामात कुणाचं डोकं जोरात आपटलं की हीच परीक्षा पुन्हा घेतात, आणि गुण जुलैइतके आले तरच त्याला मैदानात सोडतात. त्यामुळे जुलैत जो हुशारी दाखवतो तो ऑक्टोबरात बाकावर बसतो, हे कपडे बदलायच्या खोलीतलं शहाणपण. जुलैत जरा मठ्ठ व्हायचं. तेही बेतानं, कारण अगदीच ठोंब्यासारखं केलं तर पुन्हा बसवतात.

या कलेत लमाँटचा हात धरणारं कुणी नव्हतं. चेंडू घेऊन धावत येणाऱ्या गड्याला अंगावर घेऊन आडवा करायचा, हे त्याचं बारा वर्षांचं काम, आणि बाराही वर्षं तो जुलैत मठ्ठ झाला होता. निम्मे शब्द सोडून द्यायचे, बटण दाबण्याआधी मनात आईचं नाव घ्यायचं. टावीटालाही त्यानंच शिकवलं होतं.

यंदा मात्र बायकोनं, इव्हेटनं, त्याला अडकवलं होतं. मार्चमध्ये तो पोरीला पोहण्याच्या तलावावरून घेऊन निघाला आणि थेट पोचला तो कधीच विकून टाकलेल्या जुन्या घरी. किल्ली लागेना म्हणून दारावर लाथ घातली. पोरीनं ते घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. इव्हेट हसली नाही.

"एकदा खरी परीक्षा दे," ती म्हणाली. "लबाडीच्या गुणांपेक्षा भरपूर जास्त आले तर गुडघे गळून पडेपर्यंत खेळ, मी तोंड उघडणार नाही. नाहीतर हेल्मेट खाली ठेव."

लमाँट लगेच हो म्हणाला आणि रविवारी चर्चच्या पायरीवर, सासूदेखत, तसा शब्दही दिला. त्याला हा सौदा फारच स्वस्तात पडला असं वाटलं होतं.

पडद्यावर शब्द आले. बादली. घोडा. लिंबू. आणखी कितीतरी. लमाँट खुर्चीच्या टोकावर बसला. एवढी वर्षं हातातलं सोडून द्यायचं, आज सगळं धरायचं होतं, आणि त्याला खरोखर मजा येत होती. लाल, बटण. हिरवं, बटण. मध्ये आई नाही की कुणी नाही. शेवटी तो उठला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. जाता जाता त्यानं टावीटाच्या टकलावर टपली मारली.

संघाचे डॉक्टर हॉलिंग्जवर्थ थोड्या वेळानं आपल्या खोलीच्या दारात आले आणि त्यांनी लमाँटला बोटानं आत बोलावलं. चेहरा हसरा होता.

"उत्तम. तुझी काही काळजी नाही."

"किती आले?"

"गेल्या वर्षीइतकेच."

लमाँट हसला. मग थांबला. "डॉक्टर, तुम्ही गेल्या वर्षीचेच उघडलेत."

"अरे नाही, हे बघ." त्यांनी पडदा त्याच्याकडे फिरवला. वर आजची तारीख होती. खाली दोन रेषा, एक जुनी, एक नवी, जवळजवळ एकमेकींवर बसलेल्या. "नवी जरा खाली आहे, पण एवढं चालतं. तुझ्या वयाचे गडी घसरतात, तू जागचा हललेला नाहीस. जा, खेळ."

लमाँटनं दोन्ही रेषांवर बोट टेकवून पाहिलं. बारा वर्षांत त्यानं भल्याभल्यांची धडक छातीवर घेतली होती, पण तेव्हा निदान समोरून कोण येतंय ते दिसायचं. डॉक्टरांनी पुढे केलेला हात त्यानं हातात घेतला आणि सोडायचं विसरला.

"काही सांगायचंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

बाहेर बोळात तो भिंतीला टेकून उभा राहिला. बादली, तो पुटपुटला. घोडा. पुढचं काही येईना. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"झाली?" इव्हेटनं विचारलं. मागे पातेल्यात चमचा फिरत होता. सोमवार, म्हणजे राजमा आणि भात.

"झाली."

"मग? किती?"

"गेल्या वर्षीइतकेच."

"वाटलंच मला." चमचा पातेल्याच्या काठावर जोरात आपटला. "शेवटी केलीसच ना लबाडी. चर्चच्या पायरीवर, माझ्या आईदेखत शब्द दिला होतास, लमाँट. तुला लाज कशी नाही वाटत रे?"

"लबाडी नाही केली."

"खोटं बोलू नकोस."

"नाही केली, इव्हेट. एकही शब्द सोडला नाही."

चमचा थांबला. पलीकडे गॅस बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"लमाँट," ती अगदी हळू म्हणाली, "सांग ना रे, की केलीस."