अर्जुनानानांची बॅटरी

"पटणार न्हाई कुणाला, म्हणून आजवर सांगितलं न्हाई," असं म्हणत अर्जुनानाना शोरूमच्या पायरीवर ऐसपैस बसले.

समोर लालासाहेब मालक खुर्ची ओढून बसलेले. बनुबाई खांबाशी उभी. तिच्या हातात तिचं काच पुसायचं मशीन, सकाळीच अर्ध्या काचेवर बंद पडलेलं. कवठे महांकाळची ही ट्रॅक्टरची शोरूम म्हणजे नुसती काच, आणि बाहेर नुसता धुरळा. पुढच्या काचा बनुबाईच्या, मागच्या नानांच्या. मशीनं दोघांना एकाच दिवशी मिळालेली, अगदी जुळी. मालकांनी तेव्हाच बजावलं होतं, की ज्याच्या हातात बॅटरी मरेल त्यानं घरचा रस्ता धरायचा.

बनुबाईची बॅटरी मरायला टेकली होती. नानांची सदा भरलेली. बघावं तेव्हा बॅटरीवरचे सगळे दिवे हिरवे.

हे असं का, ते बनुबाईला काही केल्या उमगत नव्हतं. ती चार्जर वेळेवर लावायची, वेळेवर काढायची. मशीन उन्हात ठेवायची नाही, बॅटरीला पाण्याचा थेंब लागू द्यायची नाही. आपल्याच तळव्यात उष्णता जास्त असेल, म्हणून हल्ली ती बॅटरी पदरात धरून नेऊ लागली होती. तरी बॅटरी रोज कालच्यापेक्षा लवकर मान टाकायची.

नाना सांगत होते. बॅटरी म्हणजे कोकरू. म्हसवडकडं उभा जन्म मेंढरांमागं गेलेल्या माणसाला कोकराचं पोट बरोबर कळतं. भरलं की चार्जरपासून तोडायचं, नाहीतर फुगतं. थंडीत घोंगड्यात घ्यायचं, उन्हाळ्यात माठाच्या कडेला, सावलीत निजवायचं. आणि बॅटरीला माणसाची नजर सोसत नाही, म्हणून तर ते कुणी यायच्या आत पहाटेच काचा उरकतात. बनुबाई मनात एकेक गोष्ट ताडून बघत होती. घोंगडं आणि नजर सोडली, तर सगळं तिनं केलं होतं. मग काय घोंगड्यातच सगळी करामत?

पुढं नानांची गाडी चढाला लागली. ऐन यात्रेत म्हणे गावची वीज गेली. नानांनी ही एवढीशी बॅटरी पुतण्याच्या पिठाच्या गिरणीला जोडली. जोंधळं दळलं, बाजरी दळली, शेजारच्या वाडीनंसुद्धा येऊन दळून नेलं. इकडं येऊन बघतात, तर एक दिवा कमी नाही. उलट यात्रेचं चांगलंचुंगलं खाऊन बॅटरी वजनाला भरली होती.

मालक खदखदून हसले. पण मागच्या काचा आरशासारख्या होत्या आणि हिरवे दिवे डोळ्यांसमोर होते. गिरणीचं सोडून द्या, म्हणाले, नानांच्या हाताला गुण आहे हे खरं. आणि त्यांनी निकाल देऊन टाकला. उद्यापासून दोन्ही मशीनं नानांकडं. बनुबाईनं यायची गरज नाही.

नानांचा हात खांद्यावरच्या ओल्या फडक्यावर थबकला. हे त्यांच्या गोष्टीत नव्हतं.

बनुबाईनं आपलं मशीन खांबाला टेकवलं. आता काम मिळालं तर द्राक्षबागेत, दिवसभर वाकून, आणि तिच्या गुडघ्यांनी त्याला कधीचाच नकार दिला होता. बरं, भांडावं तर कशावर? आपलं नेमकं काय चुकलं, तेच तिला माहीत नव्हतं.

जाता जाता बघून घे, सांभाळ कशाला म्हणतात ते, असं म्हणत मालकांनी नानांचं मशीन तिच्या हातात दिलं. मशीन खरंच नव्यासारखं होतं. तिनं ते उलटं केलं, सुलटं केलं. मुठीवरून अंगठा फिरवला. अंगठा बटणापाशी अडला. तिनं मशीन उजेडात धरून निरखलं. मग नानांकडं बघितलं. नाना ट्रॅक्टर बघत होते.

"नाना, तुमची गिरणीबी पटली मला," ती म्हणाली. "पर बटणावर कंपनीची चिकटपट्टी असती, ती काढताना माझं नख तुटलं हुतं. तुमच्या बटणावर ती अजून तशीच हाय. एकदा तरी चालू केलंय का वो ह्ये?"