न रुजलेली नाचणी

बाळ येशूच्या गोठ्यात हिरवळ हवी म्हणून नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ताटलीत नाचणी पेरायची, ही पास्कोलच्या बायकोची रीत. फिलोमेना वारल्यावर यंदा त्याने एकट्याने पेरली, रोज घरच्या विहिरीचं पाणी शिंपडलं. कोंब पिवळे पडून आडवे झाले.

"काका, विहीर खारी झालीय ना तुमची! बाटलीतलं पाणी घालायचं," शेजारची सून म्हणाली.

वीस वर्षं पास्कोलनेच ती विहीर टँकरवाल्यांना उपसू दिली होती. "विहीर उपसली की समुद्र आत शिरतो, गोडं पाणी राखा हो," फिलोमेना बजावायची. तो हसण्यावारी न्यायचा.

संध्याकाळी तो ताटली घेऊन चर्चमध्ये कन्फेशनला, पापाची कबुली द्यायला, गेला. गुडघे टेकून त्याने ती फादरांपुढच्या जाळीसमोर धरली.

"फादर, हे माझं पाप. देव माफ करील. पण फिलोमेनाला आता कुठे जाऊन सांगू?"