वेळेत मिटणारा हात

हरेश्वर तांडेलांना नवा कृत्रिम हात बसवून झाल्यावर कंपनीची मृणाल म्हणाली, "काका, पेला सोडते हं."

पेला सुटला न सुटला तोच तांडेलांच्या मुठीत होता.

"पाहिलंत? हाताची दहा कामं चालू असली, तरी आता पकडायचं काम आधी होणार. ठरल्या वेळेत म्हणजे वेळेत."

"आणि जुना हात?"

मृणालने नजर चुकवली. "त्यात साधी, स्वस्तातली संगणकप्रणाली होती. चालू काम उरकून मग पुढचं घ्यायची. बहुतेकदा भागायचं."

गेल्या शिमग्यात धक्क्यावरून होडीत उतरताना त्यांच्या बायकोचा, जानकीचा पाय घसरला, तेव्हा तिचं मनगट त्यांच्या त्या जुन्या हाताच्या तळव्यात आलं होतं. बोटं मिटली तेव्हा मात्र मुठीत नुसती बांगडी होती. जानकी वर आलीच नाही. आपणच कचरलो, असं ते आजवर समजत होते.

"परत टाक," ते म्हणाले.

तिने टाकला. हाताने झेलला.

"परत."

"काका, पुरे आता." पेला घ्यायला तिने हात पुढे केला. पेला खाली पडला आणि तांडेलांची बोटं तिच्या मनगटाभोवती मिटली.

"सोडा ना, काका."

"सोडतो हं, जानकी," ते म्हणाले.

हातात काही बिघाड नव्हता. बोटं उघडायला तांडेलांनी त्याला अजून सांगितलंच नव्हतं.