नाव घ्यायचा खटला

भाऊसोला दोषी ठरवण्यात आलं.

सरकारदरबारी मात्र तसं काही घडलंच नाही. सन चव्वेचाळीस साली राज्य इंग्रजांचं होतं, कोर्ट साताऱ्याला होतं, आणि उंब्रजजवळच्या त्या आमराईत भर दुपारी फक्त गवत होतं. बायका खुरपी घेऊन गवत काढायला आल्या होत्या. बायका गवत नीट काढतात का, हे बघायला पुरुष आले होते. मधे घोंगडीवर प्रतिसरकारचे दोन पंच बसले होते. तेही गवतासाठीच.

तानुबाई उभी राहिली. तिच्या उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या.

थोरले पंच नानासो खाकरले. "कुनी मारलं?"

"ह्यांनी."

"ह्यांनी म्हंजे?"

"आमच्या मालकांनी."

"नाव सांग. फिर्यादीच्या तोंडून आरोपीचं नाव आल्याबिगार खटला उभा ऱ्हात न्हाई."

हा नियम नानासोंनी कालच केला होता आणि तो फार पक्का होता. नवऱ्याचं नाव तोंडानं घेणारी बायको त्या मुलखात अजून जन्मायची होती.

तानुबाईनं डाव्या हातानं समोर बसलेल्या भाऊसोकडं बोट दाखवलं.

"बोट चालत न्हाई," नानासो म्हणाले.

भाऊसो हसला. "बघा, तिलाच ठावं न्हाई कुनी मारलं. चल गं घरी. घरी गेल्यावर बराबर आठवंल."

'घरी' म्हटल्याबरोबर तानुबाईचा बांधलेला हात छातीशी गेला.

"नाव न्हाई तर खटला न्हाई," नानासो म्हणाले. "उठा मंडळी."

मागून म्हातारी रंगुबाई ओरडली, "आगं, लग्नात घेतलं हुतंस न्हवं? उखाण्यात घे की!"

आमराई एकदम जागी झाली. नानासोंनी हात वर केला. "कायद्यात उखाणा बसत न्हाई."

"कायदा आपलाच हाय, नाना," धाकटा पंच सिद्धू म्हणाला. "जरा सरकून बसवू की."

तानुबाईनं पदर डोक्यावर घेतला. सवयीनं लाजलीसुद्धा. मग तिनं एका दमात नाव घेतलं :

"बांधाच्या कडंला बाभळीची झाडं,
भाऊसोरावांनी मोडली माझी हाडं!"

"वा वा!" बायका ओरडल्या. लग्नात ओरडतात तशाच. मग आपण कशाला वा वा म्हटलं ते ध्यानात येऊन गप्प झाल्या. आणि मग दुप्पट जोरानं ओरडल्या.

सिद्धूनं निकाल उभ्यानंच सांगून टाकला. भाऊसो दोषी. हात जुळंस्तवर तानुबाई रंगुबाईच्या घरात राहील. तिच्या भाकरी भाऊसो थापील आणि गरम असतानाच पोचत्या करील. पुन्हा हात उचलला तर तळपायावर काठी.

"मला भाकरी येत न्हाई!" भाऊसो किंचाळला.

"तिला तरी मार खायला कुठं येत हुता?" रंगुबाई म्हणाली. "शिकली की."

खटला संपला. पंचांसमोर तो एकच होता. पण तानुबाई खाली बसायच्या आत राहीबाई उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"उतरंडीच्या मडक्यात ठेवलंय ताक,
अर्जुनरावांनी फोडलं माझं नाक!"

अर्जुना तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याला एकाएकी बैलांना पाणी पाजायची आठवण झाली. त्याच्या शेजारच्यालाही झाली. बघता बघता चौथ्या रांगेपर्यंत सगळ्यांचे बैल तहानलेले निघाले. ज्याला बैलच नव्हता, तो दुसऱ्याच्या बैलासाठी उठला.

"बसा," सिद्धू म्हणाला. "बैलं काय मरत न्हाईत."

वाटेवर बायका खुरपी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुरुष बसले.

आता एकीचं संपायच्या आत दुसरी उठत होती. नाकात नथ असलेली, नसलेली, कडेवर पोर असलेली. यमक चुकलं तर शेजारीण जुळवून देत होती. तानुबाई वा वा म्हणायला सगळ्यांच्या पुढं होती.

तेवढ्यात अगदी कडेची धोंडुबाई उठली आणि आवाज थांबला. धोंडुबाई म्हणजे नानासोंची बायको. तिनं पंचांकडं पाहिलं नाही. पदर खोचला आणि सावकाश, खणखणीत आवाजात सुरुवात केली :

"देवाच्या म्होरं समईची वात..."

ती श्वास घ्यायला थांबली. साऱ्या बायका पुढं झुकल्या.

नानासो घोंगडीवरून उठले. टोपी सरळ केली. घसा साफ केला आणि शुद्ध सरकारी भाषेत म्हणाले, "सबब मंडळास नम्र विनंती की, सदर उखाण्याची दुसरी ओळ पुढील हुकूम होईपर्यंत तहकूब ठेवण्यात यावी."