गर्दी टाळून

कुठेही गर्दी झाली की आमची मैथू दोन्ही कानांवर हात ठेवते. त्यामुळे फ्रान्सच्या सहलीत कॅरॅव्हान, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, न्यायची ती मोठी शहरं टाळूनच, हे ठरलेलं होतं.

शुक्रवारी दुपारी तिला मांडीवर घेऊन मी नकाशावर पेन्सिल फिरवत होते. जानेवारी होता, म्हणून एसी बंद. दुबईजवळच्या रास अल खैमातल्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

पॅरिसवर तिने बोट ठेवलं आणि हसली. मी पेन्सिल खालच्या मोकळ्या माळावर नेली. तिथे गाव नव्हतं, नुसता एक बारीक रस्ता होता. मैथूने कान झाकले.

"अगं पिल्लू, इथे तर कुणीच नाहीये."

"टू मेनी पीपल, मम्मा."

"यल्ला, चला, मग पॅरिसच!" तिचा बाबा सुयश सोफ्यावरून हसला. "आईसाहेबांचं प्लॅनिंग खलास!"

मी नकाशा मिटला. तिचे हात मात्र कानांवरच राहिले. ती खिडकीतून समोरच्या रिकाम्या वाळूकडे बघत होती.

मग स्वतःचे कान सोडून तिने आपले चिमुकले तळवे माझ्या कानांवर घट्ट दाबले.

आणि गर्दीच्या गलक्यासारखं काहीतरी थांबलं. इतका वेळ मला ते ऐकू येत होतं, हे मला तेव्हा कळलं.