तेवढा एक राहू दे

"परत मिटला बघा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी माउसवरचा हात उचलला.

पडद्यावरचा फोटोंचा प्रोग्रॅम क्षणभर गोठला आणि फुंकर मारलेल्या दिव्यासारखा नाहीसा झाला. मास्तरांनी खुर्ची पुढे ओढली. उभी हयात शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवण्यात गेली होती. आता ते घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करत.

"एकदा बंद करून चालू करू. निम्मी दुखणी तेवढ्यानंच जातात."

"माणसांचंही असं असतं तर!" बाई म्हणाल्या.

चेहरा पाहून उघडणारा कॉम्प्युटर होता. वरचा बारीक दिवा लुकलुकला, बाईंकडं बघून घोटाळला आणि शेवटी त्यानं पासवर्ड मागितला.

"हल्ली ओळखच देत नाही मेला." बाईंनी सवयीनं पासवर्ड टाकला. डोक्याला घट्ट रुमाल, मनगटं काडीसारखी. आजार दिसतच होता. मास्तरांनी विचारलं नाही.

स्वयंपाकघरातून चार वर्षांची पोर गरगरत आली. "मावशी, मावशी, आई विचारतेय, आजोबांना साखर किती?"

"अगं भिंगरी, आधी श्वास घे. त्यांनाच विचार."

"भरपूर," मास्तर म्हणाले. "डॉक्टरांना सांगू नकोस."

चहा घेऊन भिंगरीची आई स्वतःच आली. उंच, सावळी, गालावर तीळ. कप ठेवला, बाईंच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि वर न बघता आत गेली. दोघी बहिणी असाव्यात, आवाज सारखाच होता.

शिरस्त्याप्रमाणं मास्तरांनी आधी सगळ्या फोटोंची एक प्रत आपल्या पेनड्राइव्हवर घेतली आणि मग कामाला हात घातला. सेटिंग नव्यानं लावली. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. पण तो चार पावलं चालायचा आणि मान टाकायचा.

"फोटोंतले चेहरे शोधताना बंद पडतोय," मास्तर म्हणाले. "एखादा फोटो बिघडलेला आहे."

"एवढ्यातून कसा सापडणार?" भिंगरी त्यांच्या कोपराला लोंबकळली.

मास्तरांना हेच हवं होतं. "पोत्यात एकच बटाटा सडलाय, समज. सगळे कोण हुंगत बसणार? निम्मे इकडं, निम्मे तिकडं. ज्या ढिगाला वास, त्याचे पुन्हा निम्मे. करत करत शेवटी..."

"सडका एकटाच!" भिंगरी नाक दाबून पळाली.

मास्तर ढीग करू लागले. फोटो डोळ्यांसमोरून जाऊ लागले. एक गोल चेहऱ्याची, जाड वेणीची बाई, कडेवर तान्ही भिंगरी. तीच बाई बाळाला न्हाऊ घालताना, खिडकीत उभी राहून झोपवताना. आणि मग, तीच खिडकी, तेच बाळ, तेच कपडे. पण मानेवर चेहरा दुसराच. गालावर तीळ असलेला.

मास्तरांचा हात थांबला. "हे तुम्ही केलंत?"

"हो. शिकले हळूहळू. मानेपाशी सांधा दिसतो का हो?"

"ही वेणीवाली कोण?"

"भिंगरीला जन्म दिला तिनं."

"मग?"

"मग काय. तिची या घरातली जागा रिकामी होतेय. पोरीला कळायच्या आत झालेलं बरं. नंतर शोधत बसेल."

"तिला विचारलंत?"

"विचारलं ना. रडरड रडली. मग म्हणाली, पुसून टाक."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांची स्वतःची आई ते रांगत असतानाच गेली होती. मागं एकही फोटो नव्हता. म्हातारे झाले तरी ते आरशात आपल्याच नाकाडोळ्यांत तिला शोधत. आणि इथं आतल्या बाईला आयतं घर मिळालं, आयती पोर मिळाली, वर तिची ही बहीण जुनीचं नामोनिशाण मिटवायला बसली होती!

'होत नाही' म्हणावं आणि चालू पडावं, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी खिसा चाचपला. पेनड्राइव्ह तिथंच होता. पुसा म्हणावं, हवं तितकं पुसा. पोर मोठी झाली की तिची आई तिच्या तळहातावर ठेवीन.

ते पुढचे ढीग करत राहिले.

अखेर बिघडलेला फोटो सापडला. वरच्या अर्ध्या भागात नुसते राखाडी पट्टे. खाली पांढरी चादर, नुकतंच जन्मलेलं बाळ आणि त्याला छातीशी धरलेले दोन गुबगुबीत हात.

"हाच तो. काढून टाकतो."

"नको!" बाई पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या. मग ओशाळल्या. "तेवढा एक राहू दे. त्यात चेहरा नाहीये. कुणाचेही असतील ते हात."

मास्तरांना नवल वाटलं. त्यांनी खालचा धड भाग कापून वेगळा ठेवला, बिघडलेला काढला आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला.

या वेळी तो मिटला नाही. एकेक चेहरा गोलात पकडत, सारखे चेहरे एकत्र लावत चालत राहिला. आत भिंगरी कशावरून तरी खदखदून हसत होती. बाई कान देऊन ऐकत होत्या.

मग प्रोग्रॅम अडला. पडद्यावर शेजारी शेजारी दोन गोल आले. डावीकडं जाड वेणीची ती बाई. उजवीकडं भिंगरीनं अलीकडंच वाकडातिकडा काढलेला एक फोटो: बसलेले गाल, डोक्याला घट्ट रुमाल. खाली प्रश्न होता, 'या दोन्ही व्यक्ती एकच आहेत का?'

बाईंनी माउस आपल्याकडं ओढला आणि 'नाही'वर दाबलं.